लाल दिव्याचा कॅमेरा

"काय बघायचंय नेमकं? बिबट्या?" विरेशनं विचारलं.

"वडिलांची समाधी," शिवप्रिया म्हणाली.

उमरग्यातल्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकाशी हसत बोलायची विरेशची सवय जागच्या जागी जिरली. मग तिनं सगळं सांगितलं. त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात, तशी वडिलांना, शंकरप्पांना, शेताच्या कोपऱ्यात समाधी दिली होती. पण रात्री काहीतरी येऊन माती उकरत होतं. गावाला काय, बोलायला तोंड आणि बसायला पार. शंकरप्पाचा जीव अडकलाय, असं लोक बोलू लागले, आणि ते ऐकून तिच्या आईचं, अव्वाचं, जेवण तुटलं. उकरणारं जनावरच आहे हे अव्वाला दाखवलं नाही, तर तीही हातची जाईल, ही भीती शिवप्रियाला झोपू देत नव्हती.

समोर काही हललं की आपोआप चालू होणाऱ्या कॅमेऱ्यांचे तीन डबे विरेशनं पुढं मांडले. "हा फोटो मोबाइलवर पाठवतो. शेतात रेंज आहे?"

"फोन लागायला बांधावर चढावं लागतं."

"मग ह्याचा नाद सोडा. हा दुसरा भारी आहे, अंधारात ह्याचा उजेडच दिसत नाही. पण..." त्यानं डबा गुपचूप मागं सरकवला.

"मला परवडणार नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मलाच परवडत नाही, म्हणून."

कित्येक दिवसांनी ती हसली. तो मात्र उगाच डबे पुसत बसला. राहिला तिसरा, स्वस्तातला. डब्यावरच्या मेगापिक्सेलच्या आकड्यावर जाऊ नका, त्यानं बजावलं. हा फोटो उशिरा काढतो, जनावराचं नुसतं शेपूट सापडतं, म्हणून व्हिडिओवर ठेवा, आवाजही येतो. आपल्याच धंद्यावर असा धोंडा टाकणारा दुकानदार तिनं पाहिला नव्हता. एक खोट तेवढी होती. चालू झाला की त्याचे लाल ठिपके मंद पेटत.

"जनावरं फारशी बिचकत नाहीत. माणसाला दिसतं," विरेश म्हणाला, "पण तिथं रात्री माणूस कोण येणार?"

कॅमेरा समाधीजवळच्या बाभळीला बांधायला तो स्वतः आला. काही सापडेपर्यंत अव्वाला काही कळू द्यायचं नाही, म्हणून शिवप्रियानं सांगितलं की हा विहिरीवरची मोटार बघायला आलाय. मग काय, दर आठवड्याला मोटार बिघडू लागली. तो कार्ड बदलायचा, दोघं बांधावर बसून बघायची, आणि त्यात असायची वाऱ्यानं हललेली बाभळ... पुन्हा बाभळ... आणि एकदा कुणाचं तरी मांजर.

"झाड फोटोत छान येतंय पण," ती म्हणायची.

"सोबतीण चांगली असली की बाभळपण बघवते," तो म्हणायचा, आणि लगेच पुढचा व्हिडिओ लावायचा. ती प्रेमात पडली होती. अव्वा मात्र वाळतच चालली होती.

एका दुपारी ती कार्ड घेऊन दुकानात गेली आणि पडद्यावर साळिंदर अवतरलं. काटे फुलवून, खुशाल माती उकरत होतं. शिवप्रियानं आनंदानं विरेशचा हातच धरला. तो हात हातात असतानाच पुढचा व्हिडिओ सुरू झाला.

समाधीपाशी अव्वा बसली होती. लाल ठिपक्यांकडं बघून तिनं हात जोडले.

"दिवा लावलाय तुमी, म्हंजे ऐकताय. पोरगी हसली बगा, तुमच्या मागं पैल्यांदाच. त्यो मोटारवाला चांगला दिसतुय. तिला बघणारं माणूस गावलं. आता माझं काय काम ऱ्हायलंय? म्या जेवण सोडत आणलंय. लवकर न्या मला."

विरेशनं व्हिडिओ थांबवला.

"माझ्याबद्दल अव्वा चुकल्या नाहीत," तो हळूच म्हणाला.

"तेच तर वाईट झालं," ती म्हणाली.

तो तिला गाडीवरून शेतात घेऊन आला. कोठ्यात, गुरांच्या छपराखाली, अव्वा बसली होती, सकाळची भाकरी टोपल्यात तशीच. शिवप्रिया तिच्यासमोर बसली आणि तिनं काही लपवलं नाही. तो दिवा नव्हे, कॅमेरा. उकरणारं साळिंदर.

"म्हंजे त्येंनी काय ऐकलं न्हाय?" अव्वाचा चेहरा उतरला.

"न्हाय अव्वा. म्या ऐकलं."

अव्वानं मान खाली घातली. मग विचारलं, "आन् त्यो पोरगा?"

शिवप्रियानं दाराकडं पाहिलं. विरेश बाहेर, हाकेच्या अंतरावर होता.

"त्येचं माझं काय न्हाय," ती स्पष्ट म्हणाली. "मला बघणारं कुणीबी न्हाय. तू गेलीस तर म्या एकटी."

अव्वा तिच्याकडं एकटक बघत राहिली. मग तिनं टोपलं ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि बळंबळं चावू लागली.

शिवप्रिया बाहेर आली. विरेश गाडीपाशी पाठमोरा उभा होता.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"खोटं होतं ते..."

"ते पण ऐकू आलं." त्यानं वळून पाहिलं. "अव्वा पोटभर जेवायला लागल्या, की बोलवा."

"आणि नाहीच लागली तर?"

"तर त्यांच्यापाशी राहा. मी उमरग्यातच आहे."

तो गेला. गाडीचा आवाज डांबरी रस्त्यापर्यंत ऐकत ती उभी राहिली. रडू येत होतं आणि ओठांवर हसूही येत होतं. तिनं पदरानं दोन्ही पुसून टाकलं, कारण आता अव्वासमोर हसून चालणार नव्हतं.