भट्टीचं जुळं

पहिल्या भेटीतच मी त्याची कॉलर धरली. प्रेमाने नव्हे. तो भट्टीच्या छोट्या खिडकीला डोळा लावून उभा होता, उघड्या डोळ्यांनी, आणि आत काच उकळत होती.

"आंधळं व्हायचंय का?" मी त्याला मागे खेचलं आणि खिशातली निळी काच त्याच्या हातावर ठेवली. "यातून बघा. आणि पुढच्या वेळी विचारून बघा."

त्याचे डोळे चुरचुरत होते, पाणी वाहत होतं, तरी तो हसला. "सॉरी. कित्येक महिने नुसते हिचे आकडे बघतोय. म्हटलं, एकदा समोरासमोर भेटावं..."

म्हणजे हाच तो. हेड ऑफिसने धाडलेला डिजिटल ट्विनवाला. तो यायच्या आधीच कामगारांनी त्याचं बारसं करून टाकलं होतं — जुळेराव. कारण तो आमच्या भट्टीचं जुळं तयार करत होता, कॉम्प्युटरमध्ये. खऱ्या भट्टीतला प्रत्येक सेन्सर आपला आकडा क्षणाक्षणाला त्या जुळ्या भट्टीला कळवायचा, आणि ती उद्या-परवा खऱ्या भट्टीचं काय होणार ते आजच सांगायची. निदान सांगेल, अशी सगळ्यांची आशा होती.

आमचा कारखाना बाटल्यांचा. काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझत नाही. विझवायची म्हणजे आतली सगळी काच खाली सोडून द्यायची, भिंती पाडायच्या आणि पहिल्यापासून बांधायचं. आमची भट्टी माझ्या बाबांनी पेटवली होती, तरुणपणी, स्वतःच्या हाताने. बाबा भट्टीमिस्त्री. आई म्हणायची, "ती यांची पहिली बायको, मी दुसरी." मी कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर झाले तेव्हा बाबांनी पेढे वाटले नाहीत की पाठ थोपटली नाही. फक्त म्हणाले, "तिच्याकडे लक्ष ठेव."

आता ती म्हातारी झाली होती. अजून दोन वर्षं चालवायची की आत्ताच बंद करायची, हे मॅनेजर साहेब जुळेरावच्या जुळीला विचारून ठरवणार होते. बंद म्हणजे सहा महिने कारखाना बंद, सगळे घरी. आणि बाबांची निवृत्ती पुढच्या वर्षी. त्यांची एकच इच्छा होती — ते इथे आहेत तोवर ती विझू नये.

जुळेराव माझ्याच कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडून बसायचा. दुपारी पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. मग तो खुर्ची माझ्याजवळ सरकवायचा. पाऊस थांबला तरी खुर्ची तिथेच असायची. मीही कधी आठवण करून दिली नाही.

"काय म्हणतेय तुमची जुळी?" मी विचारायची.

"रुसलीय."

"नक्की कोण रुसलंय?"

"तीच. तुमची ड्युटी असली की तिचे आकडे कसे शांत असतात. तुम्ही गेलात की..."

"तिचे आकडे की तुमचे?"

तो स्क्रीनकडे बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते. "माझे मोजायला सेन्सर नाही लावलेला," तो म्हणाला.

मी चहा आणायच्या निमित्ताने बाहेर पळाले. खरं सांगते, मला तो आवडायला लागला होता. माझा राग नाकावर असतो आणि याच्यावर तो टिकायचाच नाही, याचंच मला नवल वाटायचं.

पण त्याची जुळी खरोखरच एका जागी अडून बसली होती. भट्टीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात. तिच्या हिशेबाने तिथली भिंत आतून झिजली होती आणि खूप तापायला हवी होती. तिथला सेन्सर मात्र सांगत होता, सगळं थंड आहे, झकास आहे. कित्येक आठवडे जुळेराव त्या एका कोपऱ्यामागे लागला होता. सगळी गणितं उलटीपालटी करून झाली. शेवटी एका दुपारी त्याने लॅपटॉप मिटला.

"उद्या साहेबांपुढे मांडायचंय," तो म्हणाला. "माझे वरिष्ठ म्हणतात, खरं काय ते सेन्सर सांगतो. तुझी जुळी चुकतेय, तिला जुळवून घे."

"जुळवून घेतलं तर?"

"तर ती सांगेल, दोन वर्षं निवांत चालवा. आणि तुमचे बाबा खूश होतील. हेही डोक्यात येतं... यायला नको खरं तर."

माझ्या बाबांचा विचार करणारा माणूस मला हवाच होता, पण अशा कामात नको. "थांबा," मी म्हटलं. "त्या कोपऱ्यावरून माझी रोजची फेरी असते. जरा नीट बघून येते."

मागच्या बाजूला जिना चढून गेलं की खांबाआड एक अरुंद जागा आहे, तिथे कुणी वाकून बघत नाही. मी वाकले. गालावर गार वारा लागला. भट्टीच्या कुशीत, जिथे घामाच्या धारा लागतात तिथे... गार वारा. भिंती गार ठेवणाऱ्या पंख्याच्या मोठ्या नळीला एक बारीक नळी जोडून तिचं तोंड थेट सेन्सरवर वळवलेलं होतं. सेन्सर भिंत मोजतच नव्हता, वारा मोजत होता. नळी तारेने बांधली होती, आणि तारेचे पीळ आधी उजवीकडे, मग उलट डावीकडे दिलेले. आमच्या घरच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी तशीच बांधलेली आहे. माझ्या सायकलची टोपलीसुद्धा.

खाली जाऊन मी त्याला एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी बोलते."

संध्याकाळी घरी बाबा पायावर तेल चोळत बसले होते. मी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं.

"मीच बांधलीय," ते म्हणाले. आढेवेढे नाहीत. "तो सेन्सर खोटा आहे. सारखा अलार्म. कान किटले माझे. त्या जागचे आधीचे दोन बदलले, तेही असेच बोंबलायचे."

"बाबा, तीनही सेन्सर एकच गोष्ट सांगत होते. मग खोटं कोण?"

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "मी तिला ओळखतो पोरी. तिला काही झालेलं नाही."

"आणि झालं असेल तर?"

"एक वर्ष," ते म्हणाले. "एकच वर्ष काढायचंय मला तिच्याबरोबर." मग पुन्हा तेल चोळायला लागले. मला रडू आलं ते मी न्हाणीघरात जाऊन रडले.

गप्प बसले तर बाबांचं वर्ष राहणार होतं. बोलले तर त्यांची भट्टी माझ्या तोंडाने विझणार होती. पण त्या कोपऱ्यावरून रोज माणसं जातात, आणि आता तोसुद्धा जातो, हातात वही-पेन्सिल घेऊन, वेड्यासारखा. भिंत फुटून काच बाहेर आली तर पळायलाही वेळ मिळत नाही. रात्रभर मी हाच विचार करत राहिले.

सकाळी जिन्याखाली मी त्याला गाठलं. "तुमची जुळी बरोबर आहे. सेन्सरवर वारा सोडलाय. बाबांनी."

"हे सांगायला तुम्हाला काय लागलं असेल..." त्याने नुसता माझ्या हातावर हात ठेवला, अलगद, आणि आम्ही वर गेलो.

बाबा तिथे आधीच उभे होते. हातात पक्कड. तारेचे पीळ ते एकेक करून सोडवत होते.

"सांगितलंस त्याला?" माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

त्यांनी मान हलवली आणि नळी काढून खाली ठेवली. कोपऱ्यातला आकडा हळूहळू चढू लागला. मग अलार्म वाजला. बंद करायला कुणाचाच हात पुढे गेला नाही. तसाच वाजत राहिला तो, आणि बाबा जिना उतरून साहेबांकडे गेले. सगळं स्वतःच सांगून आले.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. जेवताना ताट सरकवायचे, पण शब्द नाही. आई मध्ये पडून थकली.

साहेबांनी भट्टी विझवायचं ठरवलं. वेळेत कळलं म्हणून पुन्हा बांधता येईल, असं ते सगळ्यांना सांगत होते. काच सोडायच्या दिवशी बाबांनीच खालचं भोक मोकळं केलं. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. लाल धार पाण्यात पडत राहिली, वाफेने सगळी शेड भरून गेली, आणि कामगार टोप्या काढून उभे राहिले.

त्या वाफेत जुळेराव माझ्या शेजारी येऊन थांबला. "माझं इथलं काम संपलं," तो म्हणाला. "पुढच्या कारखान्यात जायचंय. पण मला तुझ्याशिवाय जायचं नाहीये." पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "मला तू आवडतेस. भट्टीचं निमित्त करून बोलत होतो इतके दिवस... आता निमित्तही उरलं नाही. लग्न करशील माझ्याशी?"

किती दिवस मला हेच ऐकायचं होतं. आणि ऐकलं तेव्हा समोर बाबांची पाठ दिसत होती.

"बाबा माझ्याशी बोलत नाहीत," मी म्हटलं. "ते बोलेपर्यंत मला 'हो' म्हणता येणार नाही. आणि 'नाही' म्हणायचं नाहीये."

"थांबतो मी," तो म्हणाला. आणि खरंच थांबला. रजा टाकून.

भट्टी थंड व्हायला बरेच दिवस गेले. आत उतरता येईल असं झालं तेव्हा बाबा पहिले उतरले. त्यांच्यामागे तो, त्याच्यामागे मी. आत काळोख होता, आणि आमच्या पावलांचा आवाज घुमत होता. बाबांनी टॉर्च डाव्या कोपऱ्यावर धरला.

हातभर जाडीची भिंत होती ती. आता माझ्या तळहाताएवढीही उरली नव्हती. एका जागी तर बाहेरचा उजेड रेषेसारखा दिसत होता.

बाबांनी तिथे बोट लावलं. विटेचा भुगा खाली पडला. मग ते म्हणाले, "याच्या पलीकडे तू उभी असायचीस. रोज."

मीही त्या उजेडाच्या रेषेवर हात ठेवला.

"मी तिला ओळखतो म्हणालो तुला. आणि तुला तिच्यासमोर उभं केलं." ते मटकन खाली बसले, त्या भुग्यात, आणि रडले. मी त्यांच्याजवळ बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांच्या डोक्यावरून हात फिरवला.

जरा वेळाने त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि वर बघितलं. "जुळेराव, तुम्ही अजून इथे कसे? तुमचं काम तर कधीच संपलं."

"तुमच्या मुलीला एक विचारलंय," तो म्हणाला. "उत्तराची वाट बघतोय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा बोलतील तेव्हा सांगेन."

बाबांनी टॉर्च माझ्याकडे वळवला. मला त्यांचा चेहरा दिसेना, फक्त उजेड.

"मग सांग की," ते म्हणाले. "मी बोलतोय ना."

मी 'हो' म्हटलं. हळूच म्हटलं होतं, पण रिकाम्या भट्टीत ते सगळीकडून ऐकू आलं.