उलाळ टांगा

त्या दिवशी सांगलीत धुकं पडलं होतं. साल चौऱ्याहत्तर, मार्गेसर महिना संपत आलेला. कृष्णेकाठाला धुकं काही नवं नाही, पण सूर्य वर आला की ते नदीकडं मागं सरतं. त्या दिवसाचं सरलं नाही. आठ वाजून गेले तरी मला माझ्या घोडीचे कान तेवढे दिसत होते, त्याच्या पुढं काही नाही. स्टँडवरचा भोंगा गाड्या उशिरा सुटतील म्हणून सांगत होता, आणि तो आवाजसुद्धा भिजून आल्यासारखा जड येत होता.

मी तेव्हा टांगा हाकत होतो. आम्ही मूळचे जतकडचे, मेंढरामागं फिरणारे. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, एक घोडी तेवढी राहिली. तांबू तिचं नाव. तिला घेऊन मी सांगलीला आलो आणि टांग्याला जुंपली. गरीब जनावर. चाबूक मी नुसता दांडीला खोचून ठेवायचो, तिच्या अंगाला कधी लावला नव्हता.

टांग्याचं एक असतं. तो दोन चाकांवर तोललेला असतो. पुढं वजन जास्त झालं तर दांड्या घोड्याच्या पाठीवर बसतात. मागं जास्त झालं तर टांगा उलाळ होतो, दांड्या वर उचलतात आणि पोटाखालचा पट्टा जनावराच्या पोटात रुततो. म्हणून टांगेवाला माणूस बसवताना त्याचं तोंड बघत नाही, अंग बघतो. जाड शेटजी पुढं, लेकुरवाळी मागं. दोन वर्षं टांगा हाकला की मागं वळून बघायची गरज राहत नाही. किती जण बसलेत, कोण चुळबुळ करतोय, कोण पेंगतोय, हे बुडाखालच्या फळीतनं कळतं. मी शाळेची पायरी चढलो नाही, पण एवढं मला वाचता येत होतं.

टांग्याच्या अड्ड्याशेजारी बाळासो आपल्या रिक्षाचा दांडा ओढून ओढून घामाघूम झाला होता. बाळासो माझा शेजारी, चाळीत भिंतीला भिंत लागून. तरणा गडी. रिक्षा नवी घेतली होती, आणि थंडीनं ती चालू होत नव्हती.

"धुळाबा, तुमचं इंजान बरं," तो म्हणाला. "दांडा वढावा लागत न्हाई."

"तुझ्याबी इंजनाला थोडं हरभरं घालून बघ की रं," मी म्हणालो.

एवढ्यात धुक्यातनं एक बाई आली. पळतच आली म्हणा. काखेला चादरीत गुंडाळलेली पाचएक वर्षांची पोर. पोरीचा गळा सुजलेला, आणि श्वास घेताना शिट्टी वाजावी तसा आवाज.

"मिरजंच्या दवाखान्यात जायाचं हाय. एस्टी सुटंना. गावातल्या डाक्टरनं घटसर्प हाय म्हनून सांगितलंया, अजाबात उशीर करू नगा म्हनला."

बाळासोनं आणखी चारदा दांडा ओढला. रिक्षा खोकली आणि गप बसली. मग त्यानंच पोरीला उचलून माझ्या टांग्यात मागच्या गादीवर ठेवलं. "धुळाबा, दम धरू नका. पळवा."

मी तांबूला हाक दिली आणि निघालो.

बाईचं नाव लीलाबाई. तासगावकडच्या एका वाडीची, नवरा पलटणीत. पोरीचं नाव राही. एवढं बोलणं गावाबाहेर पडेपर्यंत झालं. मग मागनं नुसती ती शिट्टी येत राहिली. आत जाताना लांब, बाहेर येताना तुटक.

जकात नाका ओलांडल्यावर समोरनं मेंढरांचा कळप आला. मेंढरांना रस्ता द्यायचा असतो, त्यात ती माझ्याच लोकांची. मी टांगा उभा केला. ओल्या लोकरीचा वास, घुंगरं, कुठंतरी धनगराची हाळी. माणूस दिसला नाही. कळप सरता सरता टांगा मागं दबला. फळीवर पाय ठेवून गडी माणूस चढतो, तसा. आधी एका बाजूला, मग मधोमध.

टांग्याला वाटेत असं कुणीही चढतं, त्यात नवल नव्हतं. मी मान न वळवताच सवयीनं म्हणालो, "बसा नीट, पावनं. आनि जरा अंग चोरून बसा, आजारी लेकरू हाय."

टांगा निघाला. पण उलाळ झाला होता. तांबू पोट आत ओढून, मान वर करून चालायला लागली. गडी चांगलाच अंगापिंडाचा असावा असं मला वाटलं.

"पावनं, तुमी फुडं या. माज्याजवळ बसा."

कुणी हललं नाही.

"कुनाला म्हनताय, बाबा?" लीलाबाईनं विचारलं.

"मागं बसल्यात त्यास्नी."

"मागं कोनबी न्हाई... मी आनि माजी राही."

तेव्हा मी वळून बघितलं. ती एका कडेला, पोर मांडीवर. गादीची दुसरी बाजू रिकामी. धुकं आत शिरलं होतं, त्या रिकाम्या जागेवरही धुकंच बसल्यासारखं. मला वास आला. कोऱ्या मांजरपाटाचा, खळ न धुतलेल्या कापडाचा. तो वास मयताच्या घरी येतो, प्रत्येकाला ठाऊक असतं. मी तोंड फिरवलं.

बाईला घाबरवून काय मिळणार? मी एवढंच म्हणालो, "ताई, तू पोरीला घिऊन फुडं ये. घोडीला जड जातंया."

ती पुढं येऊन माझ्या डाव्या हाताला बसली. आता हिशोबानं दांड्या खाली यायला पाहिजे होत्या. दोन जिवांचं वजन मागनं पुढं आलं होतं. दांड्या वरच राहिल्या. उलट थोड्या आणखी उचलल्या, जसं मागचं माणूस ऐसपैस सरकून बसलं.

तांबूला आता पळणं जमेना. ती पाय उचलायची, पण पट्टा पोटाला काचायचा. लीलाबाई म्हणाली, "बाबा, जरा बिगी बिगी न्या की... तिचा दम अडाकतोय."

"व्हय ताई. व्हय."

राही आईच्या खांद्यावर होती, तोंड मागच्या बाजूला. डोळे अर्धे मिटलेले. तिचा एक हात चादरीतनं बाहेर आला आणि मागं लांबला. जत्रेत लहान पोर मोठ्या माणसाला हात देतं ना, धर म्हणून, तसा. आईनं तो चादरीत घातला. थोड्या वेळानं तो पुन्हा बाहेर. आईनं पुन्हा आत घातला. "गारठंल गं हात," असं म्हणत होती. तिसऱ्यांदा हात लांबला तेव्हा बोटं मिटली होती. मुठीत काहीतरी धरल्यासारखी.

तेव्हा मला कळलं. हा जो बसलाय त्याला कुठं उतरायचंय ते. ही पोर जिथं उतरणार तिथंच तो उतरणार. मी त्याला तिच्याबरोबर दवाखान्याच्या दारात नेऊन पोचवणार. नाहीतर तिथंवर जायचीसुद्धा गरज पडणार नव्हती, कारण त्याच्या वजनानं घोडी पळत नव्हती आणि पोरीचा श्वास प्रत्येक खेपेला आखूड होत होता.

मी देवाचं नाव घ्यायला गेलो, पण एकही देव आठवेना. खरं सांगतो. बिरोबासुद्धा नाही. माणूस फार भ्याला की त्याला त्याचं कामच तेवढं आठवतं. मला चढ आठवला.

मिरजेच्या अलीकडं त्या काळी एक ओढा होता, आणि ओढ्याच्या पलीकडं चढ. फार मोठा नाही, पण भरल्या टांग्याला दमवणारा. तिथली एक रीत होती. चढ आला की टांगेवाला हाळी द्यायचा आणि बापय माणसं आपोआप खाली उतरायची. बायका, म्हातारे, आजारी तेवढे बसून राहायचे. चांगला माणूस असला तर मागनं हात लावून टांगा ढकलायचाही. माथ्यावर टांगा थांबायचा आणि सगळे परत बसायचे. ही रीत कुणी कधी मोडली नव्हती. कलेक्टर कचेरीतले साहेब लोकही उतरायचे.

ओढ्याचं पाणी वाजलं. चाकं पाण्यातनं वर आली. रोज जशी देतो तशीच हाळी देता येईल का, याची मला खात्री नव्हती.

"चढ हाय... बापय मानसं उतरा."

लीलाबाईनं माझ्याकडं बघितलं.

काही झालं नाही. तांबूनं दोन पावलं टाकली. आणि मग टांग्याचा मागचा भाग हलका झाला. पहिल्यांदा फळी वाजली, मग रस्त्यावर पाय पडल्याचा आवाज. दांड्या खाली आल्या, पट्टा सैल झाला, तांबूनं फुर्रर्र करून नाकातला श्वास सोडला. पोरीचा हात आपोआप खाली पडला.

पण पुढचं ऐका. चढ लागला, आणि टांगा जड जायच्या ऐवजी फुलासारखा वर जायला लागला. मागनं कुणीतरी ढकलत होतं. दोन्ही हात लावून, अंग घालून. मला फळीतनं ते कळत होतं. असा जोर मी कधी अनुभवला नव्हता, आणि त्यात राग नव्हता, घाई नव्हती. भला माणूस ढकलतो तसं. मी हाळी दिली, तो उतरला. उतरला आणि वर हातभारही लावला.

माथा आला. तांबू शहाणी, ती रोजच्यासारखी स्वतः थांबली. उतरलेली माणसं बसायची म्हणून. मागं पावलं जवळ आली. फळीवर पाय पडला. टांगा किंचित दबला...

मी चाबूक ओढून काढला आणि तांबूच्या पाठीवर मारला. आयुष्यात पहिल्यांदा. ती बिचकली आणि मग अशी उधळली की लीलाबाईनं माझा दंड धरला. मागनं पळणारी पावलं ऐकू आली. काही अंतर ती आमच्याबरोबरीनं आली. हाक नाही, शिवी नाही, काही नाही. नुसती पावलं. मग ती मंदावली, आणि थांबली.

राही मोठ्यानं रडली. गळा घोगरा, पण रडली.

दवाखान्यात पोरीला लगेच आत नेलं. गळ्याला छेद देऊन नळी घातली. दोन दिवस लीलाबाई दारात बसून होती म्हणे. पोर जगली. पुढं तिचं लग्न झालं, पाटणला दिली, तिला आता तिची लेकरं आहेत. मधे एकदा भेटायला आली होती, गळ्यावरचा वण दाखवून हसली. तिला बघितलं की मला वाटतं, मी केलं ते बरोबरच केलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

तरी मन कुरतडतं. इतक्या वर्षांत मी पुष्कळ विचार केला. तो कोण होता हे मला कुठं ठाऊक? पोरीला न्यायलाच आला होता, हे माझं मी ठरवलं. मिरजेला दवाखान्यात जायला निघालेले, वाटेतच राहिलेले कितीतरी असतील. त्यातलाच एखादा असेल, कधी पोचलाच नसेल. पोरीनं हात दिला तो त्यानं धरला असेल, एवढंच. ज्यानं माझं ऐकलं, घोडीची दया येऊन जो खाली उतरला, ज्यानं टांगा ढकलला, त्याला मी माथ्यावर टाकून आलो. माणसाशी असं कधी वागलो नव्हतो.

त्या दुपारी मी ओढ्याच्या वाटेनं परतलो नाही. कुपवाडाकडनं लांबचा फेरा घालून आलो. त्यानंतर मिरजेचं भाडं कधी घेतलं नाही. लोक म्हणायचे, धुळा म्हातारा झाला, रिक्षावाल्यांनी त्याचा धंदा खाल्ला. मी म्हणायचो, व्हय, तसंच.

त्याच दिवशी संध्याकाळी मी चाळीसमोर तांबूच्या पाठीवरच्या वळाला तेल लावत होतो. धुकं कधीच गेलं होतं, ऊन उतरत होतं, समोरच्या नळावर बायका भांडत होत्या. घडलेलं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. बाळासोनं रिक्षा आणून लावली, पोरीची चौकशी केली. मी म्हटलं, बरी आहे. मग तो माझ्याजवळ उकिडवा बसला, बिडी पेटवली आणि हसत म्हणाला,

"आवं धुळाबा, मानसाला चढाला उतरवायचं आनि फुडं पळून जायाचं, ही रीत कवापासनं काढली तुमी? दुपारच्याला मी मिरजंला गेलतो. चढाच्या माथ्याव एक पावना हुबा, एकलाच. रिक्षा थांबवून म्हनलं, बसा की, सोडतो. तर लय गोड हसला बघा. म्हनला, 'नगं. धुळाबानं उतरवलंय, परत बसवायला त्योच ईल. मला काय गडबड न्हाई.'"