काचेवरचं बोट

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या घरात घडलेली. मैत्रिणीच्या मैत्रिणीची नाही, कुठे वाचलेली नाही. ताई म्हणाली, लिही, फक्त नावं टाकू नकोस. म्हणून लिहितेय.

आणि एक आधीच सांगते. यात अमावास्या नाही, पडका बंगला नाही. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. खाली दिवसभर गाड्यांचे हॉर्न, शेजारी मिक्सरची घरघर. भरदुपार. ऊन खिडकीतून थेट पलंगावर आलेलं.

तरीही...

ताई वेबसाइट बनवते. पानावरचं बटण दाबलं की पुढे काय व्हायचं, ते जावास्क्रिप्टमध्ये लिहायचं, हे तिचं काम. त्यातला निम्मा जीव एकाच कटकटीत जातो. एका ब्राउझरमध्ये पान सुतासारखं सरळ चालतं आणि तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं की आडमुठेपणा करतं. "माहेरी शहाणं, सासरी वेडं," असं ती हसत म्हणायची.

तेव्हा ती हसायची.

तिची मुलगी टिल्ली. हे घरचं नाव. वय साडेचार. दोन वर्षांची होईपर्यंत टिल्ली पोपटासारखी बोलायची. मग एकेक शब्द गळत गेला. सगळ्यात शेवटी "आई" गेलं. कान चांगले, घसा चांगला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, वाट बघू.

वाट बघा म्हणायला काय जातं!

ताई हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. तिने टिल्लीसाठी एक पान बनवलं. मोठ्या चौकोनांत चित्रं. ग्लास, ताट, पंखा, आईचा फोटो, नाही म्हणून हलणारी मान. चित्राला बोट लावलं की पान बोलायचं. पाणी. भूक. गरम. आई. नको. आवाज ताईचाच, तिनेच रेकॉर्ड केलेला. घरातल्या जुन्या टॅबवर ते पान कायम उघडं ठेवलेलं.

कित्येक दिवस काहीच झालं नाही.

मग एका दुपारी ताई ओट्यापाशी होती आणि आतल्या खोलीतून...

"पाणी."

ताई धावत गेली. टिल्ली खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली, टॅब पलंगावर, स्क्रीन उजळलेली. ताईने पोरीला पोटाशी धरलं आणि हमसून हमसून रडली. भावजी ऑफिस अर्ध्यावर टाकून घरी आले. सासूबाईंनी ग्लास भरून आणला.

त्या दिवसापासून घर बोलायला लागलं. दिवसातून दोनदा, चारदा. पाणी. गरम. आणि सगळ्यात जास्त... आई.

सासूबाईंची तेवढी एक कुरकुर असायची. "मागते आणि पीत नाही. ग्लास भरलेला तसाच. अगदी बापाच्या वळणावर गेलीय, मागायचं आणि विसरायचं!"

सगळे हसायचे.

न बोलणाऱ्या मुलांची एक चांगली शाळा होती. एकच जागा रिकामी होती. अट अशी, की मुलाने बाईंसमोर स्वतःहून एक तरी गोष्ट मागून दाखवायची. तोंडाने, खुणेने, चित्राने, कशीही. ताईचं पान चालणार होतं. फक्त ते घरच्या टॅबवर नको, शाळेच्या मोठ्या टच स्क्रीनवर हवं. शुक्रवारी चाचणी. ही जागा गेली की पुढच्या वर्षी. आणि डॉक्टर म्हणाले होते, या वयात गेलेलं वर्ष परत मिळत नाही.

सोमवारी ताई टिल्लीला घेऊन शाळेत सराव करायला गेली. पान उघडलं. टिल्ली समोर बसली. तिची एक सवय आहे, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसते. तशीच बसली.

तासभर बसली.

पान गप्प.

बाई समजूतदार होत्या. "आमचा ब्राउझर वेगळा आहे हो. बऱ्याच गोष्टी चालत नाहीत त्यावर. शुक्रवारपर्यंत बघा जमतंय का."

ताईला जरा हायसंच वाटलं. ब्राउझरचं भांडण? हे तर रोजचंच. तिने घरी येऊन शाळेचा ब्राउझर त्याच टॅबवर घातला. आता एकाच काचेवर दोन ब्राउझर. जुना आणि शाळेचा.

तिने शाळेच्या ब्राउझरमध्ये ग्लासला बोट लावलं.

"पाणी."

चालतंय की! मग टॅब टिल्लीजवळ ठेवला आणि ती बाहेरच्या खोलीत येऊन बसली. संध्याकाळ झाली. एक शब्द नाही. जुना ब्राउझर उघडून ठेवला. भाजी चिरायला घेतली नाही तोच...

"आई."

पुन्हा शाळेचा. गप्प.

पुन्हा जुना. "आई."

"माझ्या बोटाला दोन्ही बोलतात," ती भावजींना म्हणाली. "टिल्लीच्या बोटाला एकच. बोट कुणाचं हे ब्राउझरला कसं कळणार रे?"

"तुझ्या हाताला चव आहे म्हणतात ना, तसं असेल." भावजी हसले. ताईचा चेहरा पाहून थांबले.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसातल्या टेस्टरला फोन केला. लोकांच्या पानांतल्या चुका शोधणं हे त्याचं काम. सगळे त्याला शंकासुर म्हणतात.

"सोपंय," शंकासुर म्हणाला. "प्रत्येक टचची नोंद लॅपटॉपवर उमटव. टच खऱ्या बोटाचा की कुठल्या प्रोग्रॅमने घडवलेला, हे ब्राउझर स्वतः सांगतो. तिथे आपली लबाडी चालत नाही. ब्राउझर खरा म्हणाला, की खरा."

ताईने तसं केलं. लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. टॅब आत, टिल्ली आत, दार उघडं. सासूबाई देवळात गेलेल्या. खालून भंगारवाल्याची आरोळी येत होती.

लॅपटॉपवर एक ओळ उमटली. टच. आईचा फोटो. खरा.

त्याच क्षणी आतून...

"आई."

ताईला इतका आनंद झाला की ती उठलीच. खरं बोट! म्हणजे पोरगी दाबतेय, फक्त शाळेच्या ब्राउझरचंच काहीतरी बिनसलंय. ती दारात गेली.

टिल्ली खिडकीच्या कट्ट्यावर होती.

दोन्ही तळवे मांड्यांखाली.

टॅब पलंगाच्या पलीकडच्या कडेला. मध्ये अख्खी खोली.

ताईच्या डोळ्यांदेखत फोटोचा चौकोन काळवंडला. बोट दाबलं की तो काळवंडावा, असं तिनेच लिहिलं होतं...

"आई."

टिल्ली हलली नव्हती.

"अगं, त्याला नावच घोस्ट टच आहे!" शंकासुर फोनवर खदाखदा हसला. "घाबरतेस काय? चार्जर खराब असला, काच ओलसर असली, की आपोआप टच होतात. चार्जर काढ, काच पूस."

तिने चार्जर काढला. काच पुसली, पुन्हा पुसली, कोरडं फडकं घेऊन पुसली. टॅब ओट्यावर उताणा ठेवून समोर उभी राहिली.

"आई."

"काढलास चार्जर? बरं. मग काचच बिघडली असेल." तो बोलता बोलता थांबला. "थांब जरा... काच एकच आहे ना दोन्ही ब्राउझरला?"

"हो."

"मग बिघडलेली काच दोघांनाही टच दाखवेल. शाळेचा काय म्हणतो?"

"एकही टच नाही म्हणतो."



"एक म्हणतो बोट आहे. दुसरा म्हणतो नाही," तो हळूच म्हणाला. आता हसत नव्हता. "असं होत नसतं गं."

ताईने फोन ठेवला. देवळातून आलेल्या सासूबाईंना तिने दारातच गाठलं.

"आई, टिल्लीला चित्राला बोट लावताना तुम्ही पाहिलंय ना?"

"पाहिलंय म्हणजे काय! रोज मागते की पोर."

"पाहिलंय?"

सासूबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ऐकलंय," त्या म्हणाल्या.

भावजींनीही ऐकलं होतं. ताईनेही ऐकलं होतं. पाहिलं कुणीच नव्हतं. हाक आली की सगळे धावायचे, आणि टिल्ली आपली खिडकीत बसलेली असायची. पाण्याचे ते भरलेले ग्लास...

टिल्लीने पाणी कधी मागितलंच नव्हतं.

मला विचाराल, तर ताईला भीती नंतर वाटली. आधी तिचं काळीज फाटलं. लेक बोलतेय म्हणून ती इतके दिवस ज्या घरात नाचत होती, त्या घरात लेक मुकीच होती. बोलत होतं ते दुसरंच कुणीतरी.

आणि शुक्रवार तोंडावर आला होता.

गुरुवारी तिला कारण सापडलं. स्पर्श ओळखायच्या दोन रीती असतात, एक जुनी, एक नवी. ज्या ब्राउझरला नवी येते तिथे तिचं पान नवीच वापरायचं. टॅबचा ब्राउझर जुना, त्याला जुनीच यायची. ते जे काही होतं, त्यालाही जुनीच येत होती.

म्हणजे शाळेच्या ब्राउझरला जुनी रीतही ऐकायला लावली, की झालं. एका ओळीचं काम.

ताई त्या ओळीपाशी कितीतरी वेळ बसली. चाचणीत पान बोललं, तर जागा टिल्लीची. बोलणारी टिल्ली नसली तरी. शाळेत गेली तर निदान कुणी तिला शिकवेल. नाही गेली तर...

बुडत्याला काडीचा आधार. काडी कुणी पुढे केली, हे बुडणारा बघत नाही.

तिने ओळ लिहिली. शाळेचा ब्राउझर उघडून टॅब पलंगावर ठेवला आणि बाजूला झाली.

काही नाही.

काही नाही...

"आई."

चाललं.

टिल्लीने मान वळवली. टॅबकडे नाही. टॅबच्या जरा वर. पलंगावर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघावं, तसं.

शुक्रवारी सकाळी शाळेची खोली स्वच्छ होती, लख्ख उजेडाची. छोट्या खुर्च्या, भिंतीला टच स्क्रीन. टिल्ली बसली. तळवे मांड्यांखाली. ताई मागे. बाई बाजूला.

"टिल्ली, काय हवंय बाळा तुला?"

बाईंनी फाइल उघडायला मान खाली घातली.

"पाणी."

"अरे वा! शाब्बास!" बाईंनी चमकून वर पाहिलं. "माझं लक्ष नव्हतं बघा. पुन्हा एकदा हं टिल्ली. आता मी बघते."

त्या टिल्लीच्या हातांकडे टक लावून बसल्या.

संपलं, ताईला वाटलं. आता चौकोन आपोआप काळवंडणार. बाई ओरडणार. जागा जाणार. तिला वाटलं, उठावं आणि वायरच ओढून काढावी.

तेवढ्यात टिल्लीने मांडीखालून एक हात काढला.

हळूहळू काचेपर्यंत नेला. ताईने तिचं बोट काचेला टेकताना पाहिलं, पहिल्यांदाच, स्वतःच्या डोळ्यांनी.

"नको."

बाई टाळ्या वाजवणार, इतक्यात वरचा चौकोन काळवंडला.

"आई."

टिल्लीने पुन्हा दाबलं. "नको."

"आई."

"नको."

"आई. आई. आई."

"नको!" आवाज रेकॉर्ड केलेला, त्यामुळे दर वेळी सारखाच, शांत, ताईचा. पण टिल्ली पूर्ण तळहाताने काच बडवत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"किती स्पष्ट सांगतेय!" बाईंचेही डोळे भरले होते. त्यांना दोन्ही शब्द टिल्लीचेच वाटत होते. "आई नको, एकटी बसते म्हणतेय. रागावू नका हं तुम्ही. फार मोठी गोष्ट आहे ही."

जागा टिल्लीला मिळाली.

घरी आल्या आल्या ताईने ती ओळ पुसली. टॅबवरचा जुना ब्राउझरही काढून टाकला. आता फक्त खरी बोटं, फक्त नवी रीत. घर शांत झालं. टिल्ली खिडकीत बसली, तळवे मांड्यांखाली. पूर्ण दिवस बसली. दुसरा दिवसही. सोमवारी ती शाळेत जायला लागली आणि दुपारीच शाळेतून फोन आला, टिल्ली स्क्रीनला हातच लावत नाहीये, घरी काही झालं का?

तेव्हा ताईला कळलं.

टिल्ली आपणहून बोलत नाही. ती फक्त उत्तर देते. ते बोललं, तरच.

त्याच संध्याकाळी ताईने ओळ परत घातली.

या गोष्टीला बरेच महिने झाले. टिल्लीची प्रगती चांगली आहे, बाई खूश आहेत. ती आता "भूक" दाबते, "गरम" दाबते, मध्ये एकदा ओठांनी "न" म्हणाली. कुणाशी भांडून शिकतेय, ते बाईंना कोण सांगणार? ताई म्हणते, मुलगी हातची घालवण्यापेक्षा हे बरं. मी काय बोलणार, मलाही एक लहान मुलगा आहे. मात्र आता त्यांच्या घरी मी त्याला नेत नाही.

परवा सकाळी अकराच्या सुमारास ताईशी फोनवर बोलत होते. मध्येच मागून तिचाच आवाज आला, बारीक, काचेतून आल्यासारखा...

"आई."

"ओ, आले गं!" ताई म्हणाली. अगदी सहज, लाडाने. मग माझ्याशी पुढे बोलायला लागली.

मी घड्याळाकडे पाहिलं.

अकरा वाजता टिल्ली शाळेत असते.