एका दुपारचं काम

बाहेर पाऊस कोसळत होता, आणि हा पठ्ठ्या अंगावरचा रेनकोट एका जुन्या कॉम्प्युटरला गुंडाळून, स्वतः चिंब भिजून दुरुस्तीच्या दुकानात उभा!

"भंगारात द्या," दुकानदार म्हणाला.

"नवा घेतलाय हो. पण यातला प्रोग्रॅम नव्यावर चालतच नाही."

शेजारी उभी असलेली प्रोग्रॅमर मुलगी कीबोर्ड घ्यायला आली होती. घेतला होता, निघायचं तेवढं होतं. पण कुणाचा प्रोग्रॅम अडला की तिला कुठलं राहवायला! "सी भाषेत लिहिलाय का?" तिनं विचारलं.

तो वळला. पापण्यांवरून पाणी ठिबकत होतं… ती उगाचच कीबोर्डच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचू लागली.

"असेल… मी चष्मे करतो, मला त्यातलं कळत नाही. बाबांनी लिहिलाय. त्यांचा आवाज आहे त्यात."

त्याच्या बाबांनी जन्मभर प्रोग्रॅम लिहिले. मग घशाचं ऑपरेशन ठरलं, आवाज जाणार हे कळलं, तेव्हा त्यांनी आपली साठ वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली. कळ दाबली की त्यांच्याच आवाजात वाक्य! आता जुनं यंत्र दिवसातून तीनदा बंद पडायचं.

शनिवारी ती त्यांच्या घरी गेली. त्याच्या बाबांनी, म्हणजे काकांनी, वहीत लिहून दाखवलं, 'माझ्या एकाही ओळीला हात लावायचा नाही.' मग कळ दाबली आणि खणखणीत आवाज आला, "चहा घेणार ना?"

"घेणार, काका. आणि ओळींना नाही लावत हात." ती मुलाकडे वळली. "यांचा कोड ज्यांना हाक मारतो ती सात फंक्शनं नव्या लायब्ररीतून, म्हणजे तयार फंक्शनांच्या साठ्यातून, काढून टाकलीयत. मी प्रत्येकाला एक रॅपर लिहीन. नाव जुनं, आत काम करणारं फंक्शन नवं. काकांचा कोड जुन्याच नावानं हाक मारेल, ओ देणारा फक्त बदलेल."

"म्हणजे डोळा तोच, समोर काच घालायची."

"अगदी! वाटता तेवढे ढ नाहीत तुम्ही."

"ढ वाटतो?"

"…थोडे."

पहिलं रॅपर चालवलं आणि काकांचा भारदस्त आवाज उंदरासारखा चिरकला! जुनं फंक्शन आवाजाचा वेग न सांगता समजून घ्यायचं, नव्याला तो सांगावा लागत होता. तिनं जीभ चावली. काका मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले… बिनआवाजाचे.

कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या कळेवर पट्टी चिकटवलेली होती. "ही कसली?" तिनं विचारलं.

चष्मेवाल्याचे कान लाल झाले. "ती… राहू दे."

आता खरं सांगायचं तर सात रॅपर म्हणजे एका दुपारचं काम. पण तिनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "एका शनिवारी एकच. घाई करून चालत नाही." आणि दर शनिवारी चहाचा कप देताना त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळायची… घाई कोण करणार हो?

तीन शनिवार गेले. बुधवारी फोन आला.

"जुनं यंत्र गेलं. कायमचं. बाबा… सकाळपासून नुसत्या कळा दाबतायत."

तिनं फोन ठेवला. माझ्या चोरट्या शनिवारांपायी माणूस मुका झाला! ती ऑफिसातून तशीच निघाली. कुणाशी न बोलता, चहालाही हात न लावता तिनं उरलेली चारही रॅपर लिहिली. जुनाच कीबोर्ड जोडलेल्या नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम सुरू झाला तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं.

"चार? एका दुपारी?" तो पुटपुटला. "मग तीन शनिवार…?"

"तुला भेटायला." ती काकांकडे वळली. "सगळं पहिल्याच दिवशी झालं असतं. चुकले मी, काका. तुमचा आवाज अडवून ठेवला… माफ करा."

काकांनी वही ओढली. 'मला सी येतं, पोरी. पहिल्याच शनिवारी कळलं होतं. मलाही घाई नव्हती.'

"शनिवारी माझ्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी… तिन्ही शनिवार बंद ठेवलं."

"आणि हे आज सांगतोस?"

तो नुसता कान लाल करून उभा. काकांनी कपाळाला हात लावला, कोपऱ्यातल्या कळेवरची पट्टी टर्रकन काढली आणि कळ दाबली.

"सूनबाई," काकांचा आवाज आला, ऑपरेशनच्या आधीचा, किंचित थरथरणारा. "तू कोण असशील ठाऊक नाही. तू येशील तेव्हा मला बोलता येणार नाही, म्हणून आजच बोलून ठेवतो. ये, घर तुझंच आहे. आमचं पोर मनानं चांगलं आहे, पण त्याच्या तोंडून शब्द निघायची वाट बघशील तर म्हातारी होशील. तूच विचारून टाक."

ती रडता रडता हसली. डोळे पुसले, सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काय मग चष्मेवाले, लग्न करशील माझ्याशी?"

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं… आणि हात लांब करून एक कळ दाबली.

"हो," काकांचा आवाज म्हणाला.

काकांनी वही त्याच्या पाठीत हाणली आणि भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं, 'स्वतःच्या तोंडानं बोल, गाढवा!'

"हो," तो म्हणाला. "हो, हो… करीन."