पंखा बंद आहे, कारण…

मुलाखतीला गेल्यावर दुसऱ्या उमेदवाराशी बोलायचं नाही, असं मोठ्या बहिणीनं तिला बजावून पाठवलं होतं. पण कॉलेजच्या व्हरांड्यातल्या बाकावर एकच जागा उरली होती आणि शेजारी तो बसला होता… खिशाला पाच नंबरचा बिल्ला लावून. तिचा नंबर चार.

नोकरी एकच होती, तर्कशास्त्र शिकवायची. ही हुकली तर भावजींच्या फरशांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं ती घरी कबूल करून आली होती. तेव्हा शेजारच्याकडे बघायचंच नाही, असं तिनं ठरवलं. आणि बघितलं. देखणा होता मेला!

ती डोळे मिटून पुटपुटत मुलाखतीत द्यायच्या पाठाची उजळणी करू लागली. "जिथे 'कारण' हा शब्द दिसेल, तिथे युक्तिवाद आहे असं समजा…"

"अहो," तो हळूच म्हणाला, "तेवढं वाक्य जरा—"

"प्रतिस्पर्ध्याकडून शिकवणी नको मला!"

"बरं." तो गालातल्या गालात हसला, आणि त्यानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

सुट्टी असल्यामुळे वर्गात विद्यार्थी नव्हते. म्हणून एकानं शिकवायचं आणि बाकीच्या उमेदवारांनी विद्यार्थी व्हायचं, अशी तिथली पद्धत. ज्यांना तुम्ही पडायला हवे आहात, त्यांनाच शिकवायचं. काय पण सोय!

ती खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिली. मागच्या बाकावर मुलाखत समिती. मधोमध, प्राचार्यांशेजारी, तज्ज्ञ बाई, पदरानं वारा घेत. सुरुवात बरी झाली. मग तिनं ते 'कारण'चं वाक्य उच्चारलं, आणि तज्ज्ञ बाईंनी मान वर करून पेन उचललं.

तेवढ्यात पाच नंबरनं हात वर केला.

घात केला यानं!

"मॅडम, 'पंखा बंद आहे, कारण वायर जळाली.' यात 'कारण' आहे. मग हा युक्तिवाद आहे का?"

हो म्हणावं… की नाही? तिनं वर पाहिलं. पंखा खरंच बंद होता, सगळे घामाघूम झाले होते. त्याच्याकडे पाहिलं, तर तो हसत नव्हता. श्वास रोखून बसला होता, जणू नोकरी त्याचीच जात होती.

आणि लख्ख प्रकाश पडला.

"नाही," ती म्हणाली. "माझंच चुकलं. नुसता शब्द बघून चालणार नाही. पंखा बंद आहे, याबद्दल इथे कुणाला शंका आहे?"

तज्ज्ञ बाईंनी कपाळ पुसत नकारार्थी मान हलवली.

"जे सगळ्यांना मान्यच आहे, ते का झालं एवढंच आपण सांगतोय. ते स्पष्टीकरण. पण 'कॉलेजनं आजच पंखा दुरुस्त करावा, कारण समितीला घेरी येईल' हे तुम्हाला अजून पटायचंय. पटवण्यासाठी कारण दिलं, तो युक्तिवाद."

समिती खो खो हसली. प्राचार्य तेवढे ओशाळले.

मग त्याचा तास झाला. चांगला झाला, चांगलाच. ती बाकावर नखं कुरतडत ऐकत राहिली, आणि हा जिंकावा की हरावा हेच तिला कळेना.

अर्ध्या तासानं शिपायानं हाक मारली, "चार नंबर!"

निवड झाली होती. "वर्गातला प्रश्न छान पेललात," तज्ज्ञ बाई म्हणाल्या.

ती बाहेर आली तेव्हा तो बॅग खांद्याला लावून जिना उतरत होता. ती धावतच मागे गेली.

"थांबा! मुद्दाम विचारलंत ना तुम्ही? नोकरी दान केलीत मला?"

"दान कसलं? बाईंनी पेन उचललं होतं. त्या विचारणार, तुम्ही घाबरणार… म्हणून मी आधी विचारलं. उत्तर तुमचं होतं."

"आणि तुमची नोकरी?"

"गेली की." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू?"

तिला गलबलून आलं. मग तो घाईघाईनं बोलू लागला, "हे बघा, तुम्ही माझ्याबरोबर चहा घ्यायला हवा. कारण एक तर तुमची निवड झालीय. शिवाय तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. शिवाय—"

"पुरे!" ती म्हणाली. "पटवताय कुणाला? मी येतेच आहे. का येतेय, तेवढं विचारा."

तो कठड्याला धरून थबकला. "का… का येताय?"

"कारण तुम्ही मला आवडलात," ती म्हणाली आणि त्याच्या पुढे होऊन पायऱ्या उतरू लागली.