पडवीतला लाल दिवा

कोणी विश्वास ठेवणार नाही, लावा पैज. पण घडलंय ते खरं. रेवदंड्यात, आमच्याच घरात, मागच्या रविवारी, भर दुपारी. मी सांगतोय आणि पुतसून कल्पिता मोबाईलवर लिहून घेतेय. तीही तिथेच होती.

चाळीस वर्षं मी वायरमन होतो. खाली मी एकटा. वर पुतण्या विनेश, कल्पिता आणि चार वर्षांचा ऋत्विक. खाली उतरतात ते पाण्याचा पंप लावायला. पंप लागला की परत वर.

गणपतीनंतर मीच घरात धुराचे तीन अलार्म बसवले, वर एक, माझ्या खोलीत एक, मागच्या पडवीत एक. मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून पाहिला, तिन्ही एकाच लाईनवर घेतले. मग तिसरी तार एकातून दुसऱ्यात, थेट वरपर्यंत. एक ओरडला की तिन्ही ओरडणार. पण धूर जिथे, तिथलाच लाल दिवा लुकलुकणार.

त्या दुपारी मी ओटीवर पडलो होतो.

घर गप्प. वर पावलांचा आवाजसुद्धा नाही...

आणि तिन्ही अलार्म किंचाळले.

वरची तिघं धावत खाली आली. विनेश तर अनवाणी. वरचा दिवा स्थिर होता म्हणे. माझ्या खोलीतलाही स्थिर.

लुकलुकत होता तो मागच्या पडवीतला. दाराच्या फटीतून दिसत होता...

ती पडवी सहा वर्षं बंद आहे. माझी सोनूबाई तिथे चुलीवर सुके बोंबील भाजायची. ती गेली, मी बाहेरून कडी घातली. अलार्म बसवायला काढली, तेवढीच.

कडी तशीच होती.

विनेशने ती काढली.

चुलीत निखारे... लाल.

जमिनीवर चार ताटल्या. भाकरी, भाजलेले बोंबील, कांदा. सगळं गरम.

आत कोणीच नाही.

तिथेच मांडी घालून चौघं जेवलो. दिवेलागणीपर्यंत तिघं खालीच होती. ऋत्विक माझ्या मांडीवर झोपला.

तेव्हापासून त्या तारेकडे बघवत नाही. येत्या रविवारीही अलार्म वाजतील, असं आपलं मला वाटतं...

कल्पिताचा अंगठा थांबलाय.

"काका," ती म्हणते, "एका ताटलीतल्या बोंबलाचे काटे काढलेले होते, ऋत्विकसाठी. काकी गेली तेव्हा ऋत्विक झाला तरी होता का?"