घासलेलं नाणं

खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. आता खरं सांगते, तर म्हणतात बाईचं डोकं फिरलंय. फिरू दे. पोरांनो, तुम्ही तरी गप बसून ऐका.

माझा दादा घड्याळं दुरुस्त करायचा आणि जुनी रोमन चांदीची नाणी जमवायचा. अंगठ्याच्या नखाएवढी, दोन हजार वर्षांची. प्रत्येक नाणं कागदी पुडीत, पुडीवर राजाचं नाव. एकच पुडी कोरी होती. तिच्यातलं नाणं काळंठिक्कर. दिवा आडवा धरून, पडणाऱ्या सावलीवरून दादा त्यावरचं एकेक झिजलेलं अक्षर लावत बसायचा. दोन वर्षं. "तीनच राहिलीत," म्हणायचा.

मग तो आजारी पडून दवाखान्यात गेला. घरी यायच्या आदल्या दिवशी, सगळं लख्ख करायच्या नादात, ते नाणं दंतमंजनानं घासलं गेलं. काळं पुट गेलं, त्यासोबत अक्षरंही गेली. नुसती चकती उरली.

"हे कुणी केलं?" दादानं विचारलं.

"वहिनीनं. दुसरं कोण?" मी म्हणाले.

"वन्सं, माझ्या डोळ्यांत बघून बोला," वहिनी म्हणाली.

मी बघितलं नाही.

त्यानंतर ती पाणी घेऊन आली, की दादा भिंतीकडे तोंड फिरवायचा. अकराव्या दिवशी गेला. तसाच. भिंतीकडे तोंड करून.

एकोणीस दिवसांनी, मंगळवारी, रात्री सव्वाअकराला मी त्याच्या खोलीत गेले. सकाळी व्यापारी नाणी न्यायला येणार होता, पुड्या डब्यात भरायच्या होत्या. दाराशीच थांबले. आत दिवा पेटलेला. आडवा. कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज. खर्र... खर्र...

"दादा?"

आवाज थांबला.

खुर्ची रिकामी.

"दादा, वहिनीवर राग धरू नकोस... ती..."

पुढं बोलवेना. दिवा विझला.

उजाडेपर्यंत उंबऱ्यात बसले. मग कोरी पुडी उचलली. आत तीच गुळगुळीत चकती. पण पुडीवर पेन्सिलीनं घासून उमटवलेला छाप होता. राजाचं नाक, हनुवटी, कडेची सगळी अक्षरं. तीन राहिलेलीसुद्धा.

खाली दादाच्या वळणात एक ओळ.

वहिनीला दाखवली. तिनं वाचून पुडी परत दिली. "मला काय दाखवता, वन्सं? ते होते तेव्हा त्यांना सांगायचं होतंत."

ओळ एवढीच: घासलं कुणी, तर... आणि पुढं नाव. लहानपणी एकटा दादाच मला ज्या नावानं हाक मारायचा, ते.

बारकी.